बॉनेटवरचा हात

अबे ए, काढ पाय ॲक्सिलेटरवरून! काढ म्हणतो ना! थंड्या इंजिनाचा असा गळा कायले धरून राह्यला बे? आत्ता कुठी सुरू झालं ते. घडीभर गुरगुरू दे त्याले, तेल चढू दे वर. हं, अस्सं. आता उतर खाली आन् ये शेकोटीपाशी. ट्रक कुठी पळून नाही जात. तुह्या मालकाचे सरकीचे पोते हैद्राबादले उद्या पोचले तरी कोणाचं लगन मोडत नाही.

बसा. सरक रे तिकडे, मुकुटबनवाल्या, एकटाच सारी आग खाऊन राह्यला. चहा हाये काय भगुन्यात? ओत मंग. अन् हे तिळाचे लाडू घ्या, शेजारच्या काकूनं दिले. संक्रांतीचा लाडू इकबाल मिस्त्रीच्या हातून खाल्ला तरी गोडच लागते.

काय म्हणते तू? "चाचा, गरम करत बसलं तं रात इथीच जाईन"? हां बाप्पा, तेही खरं हाये. गरम करणंही उलटते माणसावर. हसू नोको. मी इंजिन खराब झाल्याची गोष्ट नाही करून राह्यलो, माणूस मेल्याची करून राह्यलो.

सांगू? सांगतो. पण मधात कोणी उठायचं नाही. ज्याले मुतायले जायचं असन त्यानं आत्ताच जाऊन या, मंग जायची हिंमत होत नाही.

लालसिंगले ओळखता तुमी? केळापूरच्या अंगाले जो तांडा हाये ना, तिथला. उंच हाये, मिशा वयाआधीच पांढऱ्या होऊन राह्यल्या. बाजाराले पायी येते, पायी जाते. बस समोर उभी असली तरी चढत नाही. लोक म्हणतात बंजारा येडा हाये. येडा नाही तो. एका काळी त्याच्यासारखा ड्रायव्हर पांढरकवड्यात नोहता. ड्रायव्हरी मीच शिकवली त्याले, याच आंगणात. आता जे सांगतो ते त्याच्या तोंडचं हाये, आन् काही माह्या डोळ्याचं.

लालसिंग सदाशिवरावाकडे होता. सदाशिवराव म्हणजे कापसाचा मोठा व्यापारी. केळापूरच्या रस्त्यावर बंगला, मांगं मोठं आवार, आवाराच्या कोपऱ्यात मोटरीचं टिनाचं शेड, आन् शेडाले लागून लालसिंगची खोली. माणूस तसा वाईट नोहता, हे आधीच सांगून ठेवतो. नोकराले शिवी देत नसे. दिवाळीले धोतर देई. पण मोटर म्हटली की त्याचं डोकं फिरे. त्याची पहिली मोटर एका ड्रायव्हरनं थंडीत सुरू केल्याबरोब्बर रस्त्यावर दामटली आन् इंजिन जाम झालं. भर बाजारात बैल जुंपून ओढत न्या लागली. लोक हसले. ते हसणं त्याच्या काळजात जाऊन बसलं.

मंग नवी आणली नागपूरहून, काळी, लांबलचक. आन् नेम केला. काय नेम? सकाळी लालसिंगनं पाणी तापवायचं, रेडिएटरात गरम पाणी भरायचं, इंजिन सुरू करायचं आन् स्टेरिंगवर चुपचाप बसून राहायचं. सदाशिवराव शाल पांघरून बाहेर येई. मोटरीसमोर उभा राही. उजवा पंजा बॉनेटवर ठेवी आन् डोळे मिटून घेई. वैद्य नाडी पाह्यते ना, तसा. मनासारखं गरम झालं की बॉनेटवर दोन थापा मारे, "हं, चल," म्हणे. तो हात उचलल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. कलेक्टर येवो का आग लागो, नाहीच टाकायचा.

मी एकदा सांगून पाह्यलं. म्हटलं, "राव, सुरू झाली की हळूहळू चालवत न्या ना, चालता चालता गरम होते ते." तं म्हणे, "मिस्त्री, मोटर तुमची हाये का माही?" झालं.

आता लालसिंगची बहीण. जमनी. त्याच्या पाठची. माय-बाप लहानपणीच गेले होते, भावानंच वाढवली, भावानंच लगन लावून दिलं. पहिलं बाळंतपण म्हणून भावाकडे आलती. माय नाही तं भाऊच माहेर. हसरी पोरगी. मी तिकडे गेलो की मले "मिस्त्रीभीया" म्हणे. त्याईच्यात भावाले भीया म्हणतात. पोट एवढं मोठं, तरी रोज ओलं फडकं घेऊन त्या मोटरीच्या काचा पुसे. लालसिंगले म्हणे, "भीया, एकदा मले बसव ना मोटरीत. गेटापर्यंत." लालसिंग म्हणे, "मालक रागावन, बाई." बहिणीले तो बाईच म्हणे. ती म्हणे, "बरं." आन् पुन्हा पुसत बसे.

सन अठ्ठावन्न. भोगीची रात. म्हणजे संक्रांतीच्या आदली रात, आपली कालची होती तीच. थंडी अशी की कुत्रे चुलीतल्या राखेत जाऊन निजले होते. जमनीले संध्याकाळपासून कळा सुरू झाल्या. सुईण आली. रात सरत आली तरी सुटका होईना. पहाटेच्या आधी सुईण बाहेर आली आन् लालसिंगले म्हणाली, "लेकरू आडवं हाये. माह्या हातचं नाही आता. यवतमाळले ने, पोट फाडलं तं दोघंही वाचतीन. पण आत्ताच ने."

लालसिंग धावला बंगल्याकडे. दार ठोकलं. सदाशिवराव बाहेर आला. लालसिंगनं पायच धरले त्याचे. अन् ऐका, तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, "अरे, ने ना बावा! माणसाहून मोटर मोठी हाये काय? काढ."

लालसिंगच्या जिवात जीव आला. दोघातिघांनी जमनीले उचलून मांगच्या सीटवर निजवलं, सुईणीच्या मांडीवर डोकं. पहिल्यांदाच बसली ती मोटरीत. लालसिंग म्हणे, एवढ्या कळा येऊन राह्यल्या होत्या, तरी तिनं सीटवरून हात फिरवला.

आन् सदाशिवराव म्हणाला, "पाणी भर गरम."

लालसिंग उभाच राह्यला. तापवलेलं पाणी एकच होतं. सुईणीनं बाळंतपणासाठी चुलीवर ठेवलं होतं ते. सदाशिवराव म्हणाला, "पाह्यतो काय? तेच आण." आन् लालसिंगनं तेच पाणी आणलं आन् रेडिएटरात ओतलं. स्वतःच्या हातानं.

हँडल मारलं. इंजिन लागलं. लालसिंग स्टेरिंगवर बसला. सदाशिवराव समोर येऊन उभा राह्यला. शाल पांघरून. पंजा बॉनेटवर ठेवला. डोळे मिटले.

"अजून नाही," म्हणाला.

वर खिडकीत त्याची बायको उभी होती, मानीबाई, हातात कंदील. ती म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना त्याले." तं हा वर न पाहता म्हणे, "तुले मोटरीतलं काय समजते? यवतमाळपर्यंत जायचं हाये. रस्त्यात बंद पडली तं?" ती कंदील धरून पाहत राह्यली.

जमनी म्हणे, "भीया, चल ना."

लालसिंग म्हणे, "मालक, जाऊ?"

"अजून नाही."

सुईण ओरडली. जमनी ओरडली. मंग ओरडणं कमी झालं. लालसिंगचा पाय क्लचवर, हात गिअरवर. समोर मालकाचा हात. आता तुमी म्हणसान, काहून नाही नेली बे? अंगावर घालायची! मीही तेच म्हटलं होतं त्याले, आन् लय घाण शिवी देऊन म्हटलं होतं. तं तो म्हणाला, "मिस्त्री, त्या हाताची सवय झालती मले." रोज सकाळी, रोज सकाळी, हात उचलला की गिअर. बैलाले नाही का, खांद्यावरून जू काढलं तरी तो उभाच राह्यते.

जमनीनं मान उचलली. पुढच्या काचेतून तिले तो दिसत होता. कंदिलाच्या उजेडात, डोळे मिटलेला. तिनं आवाज चढवला नाही. सरळ म्हणाली, "मालक, मोटर नाही थंडी. तुमचा हात थंडा हाये."

बस. मंग मान खाली टाकली.

सदाशिवरावानं ऐकलं की नाही, देव जाणे. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, बॉनेटवर दोन थापा मारल्या. "हं, चल."

सुईण मांगून म्हणाली, "आता कायले?"

...

टाक रे एक लाकूड. विझून राह्यली.

मी मयतीले गेलो होतो. सदाशिवरावही आलता. लोकाईले सांगे, "नशिबाची गोष्ट हाये. रस्त्यातच गेली असती बिचारी. मी तं गाडी काढून देल्ली होती." आन् लोक माना हलवत. गाडी काढून देल्ली, केवढा मोठा माणूस! मले तेव्हाच राग आलता, अल्ला कसम, अन् अजून हाये तो राग. सरळ नाही म्हणाला असता तं लालसिंगनं बैलगाडी जुंपली असती, खांद्यावर नेली असती, रस्त्यावर जाऊन एखादा ट्रक अडवला असता. हो म्हणून मारलं त्यानं तिले.

लालसिंगले मी म्हटलं, सोड ती नोकरी, माह्या गॅरेजात ये. तो म्हणाला, "नाही मिस्त्री. बाई तिथीच हाये. मोटरीत. तिले एकटी कशी सोडू?" मले वाटलं दुःखानं बोलून राह्यला.

तेरवी-बिरवी झाली. सदाशिवरावानं मांगच्या सीटले नवं कव्हर शिवलं. एक दिवस कापसाच्या जिनिंगले जायले निघाला. लालसिंगनं इंजिन सुरू केलं. सदाशिवराव पंजा ठेवून उभा. बराच वेळ झाला. "अजून नाही." लालसिंग बसून राह्यला. रेडिएटरच्या झाकणातून वाफ निघायले लागली. लालसिंग म्हणे, "मालक, पाणी उकळून राह्यलं." तं हा म्हणे, "थंडगार हाये. मी काय खोटं बोलून राह्यलो?"

त्या दिवशी मोटर निघालीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मंग मले बोलावणं आलं. मी सारं इंजिन खोललं, पाह्यलं, बंद केलं. एक नंबर इंजिन! काही खराबी नाही. तोवर उन्हाळा लागलता, चैत होता. पांढरकवड्याचं ऊन तुमाले माहीत हाये, त्यात मोटर उन्हात उभी, त्यात इंजिन चालू. मी बॉनेटवर हात टेकवला आन् माय व! असा ओढून घेतला. फोड आला, हा पाहा, अजून डाग हाये. सदाशिवराव मले म्हणे, "पाहा मिस्त्री." आन् त्यानं सारा पंजा त्याच पत्र्यावर टेकवला. टेकवून ठेवला. म्हणे, "थंडगार. माठावर हात ठेवल्यासारखं वाटून राह्यलं."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राह्यलो. पंजा लाल होऊन राह्यला होता. आन् हा माणूस थंडीनं कुडकुडून राह्यला. भर चैतात.

काय म्हणतं रे तू? हाताचा रोग असन? अबे, तेवढी अक्कल आमालेही होती. यवतमाळच्या डॉक्टरले दाखवला हात. त्यानं सुई टोचली तं बोंबलला. चहाची कपबशी पोळे त्या हाताले. लेकराच्या डोक्यावर हात ठेवला तं ताप समजे. हात चांगला होता. फक्त बॉनेटवर ठेवला की थंड.

लालसिंग मोटरीत बसून हे सारं पाहे. आन् हसे? नाही. तो मांगं आरशात पाहे. आपल्या डोक्यावर असते ना, मांगचं दिसायचा आरसा, त्यात. मी विचारलं, काय पाह्यतं बे? तं म्हणे, "काही नाही. बाई काच पुसून राह्यली."

मी तिथून जो निघालो तो मांगं वळून पाह्यलं नाही.

गावात मंग हसणं सुरू झालं. दारात मोटर, आन् सदाशिवराव बैलाच्या दमणीत बसून जिनिंगले जाऊन राह्यला. ज्या हसण्यापायी सारं केलं, तेच हसणं. पोट्टे रस्त्यानं ओरडत, "अजून नाही! अजून नाही!" एक दिवस त्याचा पारा चढला. म्हणे, "गेलं चुलीत गरम-थंड! काढ रे मोटर!" हात न लावताच दार उघडून मांगं बसला. लालसिंगनं गिअर टाकला. मोटर गेटापर्यंत गेली. आन् सदाशिवराव ओरडला, "थांबव! थांबव!" दार उघडून चालत्या मोटरीतून खाली पडला म्हणा ना. तोंडावर रक्ताचा थेंब नाही. घरात जाऊन खाटेवर पडला. मानीबाईनं विचारलं, काय झालं? तं म्हणे, "मांगं बसायले जागा नोहती."

सीट रिकामी होती. लालसिंगनं पाह्यली होती. रिकामी.

असं करता करता साल सरलं. पाऊस झाला, कापूस आला, थंडी आली. आन् भोगी आली.

त्या रातीची गोष्ट लालसिंगनं मले त्याच सकाळी सांगितली, इथीच, याच दगडावर बसून. रडत नोहता. हात मांडीवर ठेवून सांगत होता.

पहाटेच्या आधी दार वाजलं. मानीबाई. "लालसिंग, ऊठ. राव पाहा कसे करून राह्यले." सदाशिवरावाच्या छातीत कळ निघाली होती. घामानं चिंब, तोंड वाकडं. लालसिंगनं त्याले पाठीवर घेतलं. म्हणे, "मिस्त्री, खरं सांगतो, मले त्या घडीले काही आठवलं नाही. मले वाटलं, माणूस हाये, नेऊ यवतमाळले." मांगच्या सीटवर बसवलं. पाणी तापवायले वेळ नोहता, थंडंच पाणी भरलं. हँडल मारलं. एका फेऱ्यात इंजिन लागलं. कधी लागत नसे तसं.

मानीबाई म्हणाली, "घोंगडी घेऊन येते, दाराले कुलूप लावते." आन् आत धावली.

लालसिंग स्टेरिंगवर बसला. पाय क्लचवर. गिअर टाकला.

मांगून सदाशिवराव म्हणे, "चल... लालसिंग... चल लवकर."

क्लच सोडणार. तेवढ्यात...

"अजून नाही."

बाईचा आवाज. त्याच्या कानामांगं. हळू. ओरडून नाही. रोज सकाळी सदाशिवराव जसं म्हणे ना, तस्संच.

लालसिंगनं आरशात पाह्यलं. सदाशिवराव एका बाजूले दाबून बसला होता. दाराले चिकटून. बाजूले कोणाले जागा देल्ल्यासारखा. बाजूले कोणी नाही. पण सीटचं नवं कव्हर... खाली दबलं होतं.

आन् सदाशिवरावाचा उजवा हात वर होता. हवेत. कोणी धरून ठेवल्यासारखा.

"चल रे... थंडी लागून राह्यली... हात सोड म्हण तिले... लालसिंग... माहा हात..."

लालसिंग म्हणाला, "बाई?"

"अजून नाही, भीया."

इंजिन चालू. शेडात धूर. समोर, शेडाबाहेर आलेल्या बॉनेटवर दहिवर पडलेलं, ते ओघळून राह्यलं होतं. गरम झालं होतं इंजिन. कधीचंच झालं होतं.

"चल ना... चल ना बापा..."

"अजून नाही."

...

मी लालसिंगले विचारलं. म्हटलं, क्लच अडकला होता काय? पाय हलत नोहता काय? भुतानं धरला होता काय पाय? सांग. त्यानं माह्याकडे पाह्यलं. म्हणाला, "नाही मिस्त्री. पाय माहा मोकळा होता. मीच नाही सोडला." मी म्हटलं, काहून? तं म्हणे, "मांगच्या बारीले ती 'चल' म्हणे, तं मी मालकाचं ऐकलं. आता ती 'थांब' म्हणून राह्यली होती. एकदा तरी बहिणीचं ऐका लागते का नाही?"

मांगचं बोलणं थांबलं. मंग कण्हणं थांबलं.

मंग बॉनेटवर दोन थापा पडल्या. समोर कोणी नोहतं. लालसिंगच्या डोळ्यापुढं, रिकाम्या बॉनेटवर. दहिवरात दोनदा पाणी उडालं.

"हं," ती म्हणाली. "चल."

मानीबाई घोंगडी घेऊन आली. मोटर तिथीच उभी पाहून थबकली. मांगचं दार उघडलं. पाह्यलं. बराच वेळ पाहत राह्यली. मंग लालसिंगले म्हणाली, "काहून नाही निघाला तू?"

लालसिंग म्हणाला, "इंजिन गरम होऊन राह्यलं होतं, बाईसाहेब."

त्या बाईनं ना शिवी देल्ली, ना पोलिसात गेली. वर खिडकीकडे पाह्यलं तिनं, जिथून ती मांगच्या सालच्या भोगीच्या रातीले कंदील घेऊन पाहत होती. मंग हातातली घोंगडी नवऱ्याच्या अंगावर टाकली आन् घरात निघून गेली.

म्हणून म्हणतो, बदला म्हणजे लोक समजतात गळा दाबला, रक्त ओकवलं. तिनं काही नाही केलं. फक्त थांबवलं.

त्या दिवसापासून लालसिंग मोटरीत बसत नाही. आन् मोटर? मानीबाईनं मले निरोप धाडला, मिस्त्री, डोळ्यापुढून घेऊन जा, काही कर. मी बैल लावून ओढून आणली. कोण घेणार? माहीत तं साऱ्याईले होतं. चाकं काढली, बॅटरी काढली, काचा वर करून दारं लावून टाकली. गॅरेजच्या मांगं जी ताडपत्री दिसते ना तुमाले, तिच्याखाली हाये. उठू नोको बे, बस! बस म्हणतो ना.

आता एकच सांगायचं राह्यलं, ते मी कोणाले सांगितलं नाही. बायकोलेही नाही.

सदाशिवराव मेला त्या सकाळी लालसिंग मले त्या शेडात घेऊन गेलता. मांगच्या दाराच्या काचेवर आतून वाफ धरली होती, थंडीत धरते तशी. आन् त्या वाफेत एक पंजा उमटला होता. एवढासा. नुकत्या झालेल्या लेकराचा. बोटं पुरती उघडलेली नाहीत असा. मी आत हात घालून फडक्यानं पुसला.

मोटर इथी आली. दुसऱ्या साली भोगीची रात गेली आन् सकाळी मी ताडपत्री उचलली. कायले उचलली, मले नाही माहीत. काचेवर आतून वाफ. सालभर बंद असलेल्या मोटरीत वाफ कुठून येईन? आत कोणी रातभर श्वास घेतला तरच येईन. आन् वाफेत पंजा. थोडा मोठा. उभं राहायले शिकलेल्या लेकराचा.

पुसला. मंग दरसाली जातो. दरसाली वाफ असते, पंजा असते. दरसाली बोटं लांबून राह्यले. मी दार उघडतो, आतून फडकं मारतो, दार लावतो, घरी येऊन हात धुतो आन् चहा पितो. सवय झाली म्हणा.

आज सकाळीही गेलो होतो. अजून उजाडलं नोहतं पुरतं. ताडपत्री एका बाजूनं सरकली होती, मले वाटलं कुत्र्यानं सरकवली. पंजा होता. चांगला, शाळेत जायच्या वयाच्या पोराचा. मी दार उघडलं, आत हात घातला आन् फडकं मारलं.

निघाला नाही.

पुन्हा मारलं. जोरात घासलं. तस्साच.

मंग मी बोट फिरवून पाह्यलं. आतून काच कोरडी होती. वाफच नोहती यंदा.

दार लावलं. बाहेरून पुसला, तं निघाला.